वाटेवरची डहाळी

मी आयुष्यभर वाटा मोजल्या. मध्यप्रांताच्या जंगलखात्यात मोजणीदार होतो. कुठल्या नाल्यापासून कुठल्या टेकडीपर्यंत किती साखळ्या, हे आजही झोपेतून उठवून विचारा, सांगेन. चुकीचा आकडा कानावर पडला की माझं डोकं फिरतं. बायको म्हणायची, हा माणूस भाजीवालीशीसुद्धा इंचाइंचावरून भांडतो. असा मी. पण माझ्या हातून जी चूक झाली ती आकड्याची नव्हती, आणि त्यानंतर जे केलं ती तर चूकही नव्हती. त्याला दुसरा शब्द आहे.

पहिलं महायुद्ध संपून तीन-चार वर्षं झाली असतील. अंदमानात लाकूडतोडीसाठी नव्या वाटा आखायच्या होत्या आणि आमच्या प्रांतातून माहीतगार माणसं दोन वर्षांच्या बोलीवर मागवली होती. मी नाव दिलं. नागपुरात महाल पेठेतल्या आमच्या गल्लीत लगेच बोभाटा झाला. अंदमान म्हणजे काळं पाणी, आणि काळ्या पाण्यावर जातो तो खुनी नाहीतर दरोडेखोर, एवढंच लोकांना ठाऊक. शेजारची म्हातारी आईला विचारून गेली, "तुह्या पोरानं केलं तरी काय वं?" आई दोन दिवस विहिरीवर गेली नाही.

मी एकटा गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आमचा जावई, माझ्याच हाताखाली मोजणीची साखळी ओढायचं काम करायचा. त्याला मागेपुढे कोणी नव्हतं, म्हणून लग्नानंतर तो आमच्याच घरी राहिला. घरी मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो, पहिलं ताट त्याच्यापुढे जायचं. जंगलात तोच साखळीचं दुसरं टोक धरून माझ्या मागून काट्यांतून यायचा. हे दोघांनाही अवघड होतं, मला जरा जास्तच. तो चोवीसचा, बहीण एकोणीसची, लग्नाला दोन वर्षं झालेली. त्याच्या मनात जायचं नव्हतं. मीच गळ घातली. निघताना बहीण म्हणाली, "नेऊन राहिला त नीट वापस आणजो गा दादा." मी हसलो. जत्रेला निघाल्यासारखं हसलो.

कलकत्त्यापर्यंत रेल्वे आणि पुढे चार दिवस जहाज. जावई चारही दिवस ओकत होता. पण बेट दिसलं तेव्हा तो कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, हे त पाण्यात जंगल उगवलं." खरंच तसं होतं. किनारा नावालाच, झाडं थेट समुद्रात उतरलेली.

आमच्या रामटेक-पेंचच्या रानात उन्हाळ्यात माणूस लांबून दिसतो. साग पानं टाकतो, जमीन तापते, पायाखाली पाचोळा वाजतो. बेटावर दहा हातांवरचा माणूस दिसायचा नाही. गर्जनाची झाडं इतकी उंच की शेंडा पाहायचा तर टोपी पडायची. पडौकाच्या बुंध्याला भिंतीएवढी आधारमुळं, त्यांच्या आडोशाला आम्ही जेवायला बसायचो. वेत अंगाला धरून ठेवायचा. जळवा तर बोलूच नका, पायताण काढलं की रक्त. पाऊस थांबला तरी झाडं तासभर गळत राहायची. जावयाला मात्र त्या रानाचं वेड लागलं. एक जाड वेल असायची, ती कापली की घोटभर गोडं पाणी निघायचं. ते त्याला रांचीकडच्या मजुरांनी दाखवलं, तेव्हापासून तो तहान नसली तरी वेल कापून बघायचा. राखी रंगाची मोठी कबुतरं फळांवर बसली की तो साखळी सोडून वर बघत राहायचा. किनाऱ्याला गेलो की बहिणीसाठी शंख वेचायचा. मी ओरडायचो. मला दिवसाच्या साखळ्या पुऱ्या करायच्या असत.

आता ती डहाळी. आमच्याकडे रानात पुढे गेलेला माणूस मागच्यासाठी खूण ठेवतो, ती अशी: जिथं वाट फुटते तिथं जी वाट घ्यायची नाही तिच्यावर एक हिरवी डहाळी आडवी टाकायची. म्हणजे ही वाट बंद. पोराटोरांना हे कळतं. आमचं रान कोरडं, त्यामुळे वाटेवर आडवी हिरवी डहाळी दिसली की ती माणसाच्या हातचीच. बेटावरचे मजूर असं करत नसत. ते कोयत्यानं बुंध्याची साल तासायचे, पांढरा घाव लांबून दिसायचा. मला त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हणालो, आम्हाला रान शिकवू नका. पंधरा वर्षं रानात काढलेल्या माणसाला शहाणपण सांगतात! माझी अक्कल तेव्हा अशी होती.

कार्तिक वद्य पंचमीचा दिवस. माझ्या ट्रंकेत पंचांग होतं, आईनं दिलेलं, त्यामुळे तिथी मला नेहमी ठाऊक असायची. जावयाच्या घोट्याला जळवेची जखम चिघळली होती आणि तो लंगडत होता. मला डोंगरमाथ्यावरच्या तळावर पावसाआधी पोचायचं होतं. तो दर थोड्या वेळानं थांबायचा. मी चिडलो आणि म्हणालो, "इथं पहिलं ताट मिळत नसते, जवाईबुवा. या मागून. डहाळी टाकून ठेवतो." तो खाली बसून घोट्याला फडकं बांधत राहिला. त्याचा चेहरा मी नीट पाहिला नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

पुढे वाट फुटली. डावी माथ्याकडे, उजवी खाली खाडीकडे, जिथं खारफुटीची मुळं चिखलातून गुडघ्याएवढी वर आलेली असतात आणि भरतीला सगळं बुडतं. उजव्या वाटेवर मी एक डहाळी मोडून टाकली. कोयता कमरेला होता. बुंध्याला घाव घालायला किती वेळ लागतो? एक श्वास. मी घातला नाही.

अर्ध्या तासात वादळ आलं. तळावर मी आणि मजूर ताडपत्री धरून बसलो. पाऊस उघडल्यावर जावई येईल म्हणून मी वाट पाहिली, तो आला नाही, तेव्हा दोन मजूर घेऊन उलटा उतरलो. फाट्यावर येऊन पाहतो तर दोन्ही वाटांवर डहाळ्यांचा खच. हिरव्या, ताज्या, आडव्या, उभ्या. त्यांत माझी कोणती, हे मला स्वतःला ओळखता आलं नाही. त्याला कसं कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला खाडीच्या बाजूनं हाक आली. "भाऊ" अशी. भरती होती, खाडीत मगरी, मजुरांनी मला दंडाला धरून ठेवलं. मी ओरडून सांगत होतो, थांबा, पाणी उतरू द्या. त्याला ऐकू गेलं का, ठाऊक नाही. पाणी उतरलं तेव्हा मिट्ट काळोख होता. सप्तमीला सकाळी आणखी एक हाक आली, बारीक. दुपारी ओहोटीला आम्ही पोचलो तेव्हा तो मुळांत पाय अडकून पडला होता आणि सगळं संपलं होतं. अंग अजून ताठलं नव्हतं. किनाऱ्यावर आम्ही त्याला जाळला. लाकूड ओलं होतं, मजुरांनी गर्जनाचं तेल ओतलं. अग्नी मी दिला.

घरी तार करायची होती. केली नाही. असं तारेत सांगू नये, स्वतः जाऊन सांगू, असं मनाला समजावलं. खात्यानं दिलेला मृत्यूचा कागद इंग्रजीत होता, तो खिशात घेऊन, दोन वर्षांची बोली मोडून पुढच्या जहाजानं निघालो. आठ दिवसांच्या प्रवासात मी वाक्य घोकत होतो, ते गेले, बाई, ते गेले. नागपूरच्या स्टेशनवर उतरून घरापर्यंत पायी आलो, तेवढाच वेळ लांबवावा म्हणून.

बहीण पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. माझ्या मागं पाहिलं. "त्यायले कुठी ठेवून आला तू?"

ते गेले म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, कसे गेले. आणि कसे गेले याचं उत्तर मी होतो. माझ्या तोंडातून निघालं, "वाट चुकले. लय शोधलं. सापडले नाहीत." आई रडायला लागली. बहीण रडली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हंजे मेलेलं कोणी पाह्यलं नाही ना? मंग रडतं काहून माय?"

त्या दिवशी दुपारी मी तो कागद चुलीत घातला. लोक म्हणतील, बहिणीचं कुंकू राखण्यासाठी खोटं बोलला. मीही कितीतरी वर्षं स्वतःला तेच सांगितलं. आमच्या जातीत ते कारण चालत नाही. आमच्यात विधवेचे केस काढत नाहीत, तिचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न करून देतात. एकोणीस वर्षांच्या मुलीचं आयुष्य सहा महिन्यांत पुन्हा उभं राहिलं असतं. मी कुंकू राखलं ते माझं तोंड राखायला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग सुरू झालं बेटाचं सांगणं. दुपारी बायका निवडत-टिपत बसल्या की बहीण म्हणायची, "सांग ना गा दादा, कसं हाये ते." सुरुवातीला मी टाळायचो. मग सांगायला लागलो. झाडांच्या भिंती, कबुतरं, पाण्यात उतरलेलं जंगल, ओहोटीला उघडी पडणारी वाळू आणि तिच्यावर पळणारे पारदर्शक खेकडे. सांगता सांगता मी रंगून जायचो. मला सांगायला आवडायचं, हे लिहिताना लाज वाटते. आणि ती प्रत्येक गोष्ट उचलून बाजूला ठेवायची. "वेल कापली का पानी निघते, मंग तहानेनं त मानूस मरत नाही." केवड्याची फळं भाजून खातात, मग भुकेनंही नाही. "तिथच्या लोकायनं ठेवून घेतलं असन त्यायले. भाषा येत नाही म्हनून निरोप धाडता येत नाही." मी एखादं सुंदर ठिकाण सांगायचो आणि ती तिथं त्याला नेऊन बसवायची.

एकदा तिनं नकाशा काढून मागितला. पाटीवर काढून दिला. माथा, तळ, ओढे, वाटा, सगळं मापात. खाडी काढली नाही. उभ्या आयुष्यात मी एकच खोटा नकाशा काढला, आणि तिनं तो पाटीवरून कागदावर उतरवून पेटीत ठेवला.

तिसऱ्या वर्षी कामठीहून एक माणूस आला. छावणीच्या दवाखान्यात कामाला, बायको तापात गेलेली, तीन वर्षांची मुलगी. आमच्याच जातीचा. शांत, हसला की डोळे मिटायचे. बहिणीबद्दल ऐकून होता. आईला म्हणाला, "तुमी म्हनान तेवढा थांबतो. मले घाई नाही." मुलीला घेऊन तो दोन-चारदा आला. पोरगी बहिणीच्या मांडीवरच जाऊन बसायची. चौथ्यांदा बहिणीनं तिची वेणी घातली, आणि ते दोघं गेल्यावर कितीतरी वेळ फणी हातात घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात कुदळीचा दांडा बसवत होतो. ती येऊन समोर उभी राहिली.

"दादा, तू तिथी होता. मले खरं सांग. तुले काय वाटते? ते जित्ते असतीन का?"

एवढं सरळ तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला 'नाही' हवं होतं, हे मला दिसत होतं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि त्या भीतीखाली जराशी हौस, आणि त्या हौशीची तिला शरम वाटत होती. मी 'नाही' म्हटलं असतं तर ती दोन दिवस रडून कामठीला गेली असती. पण मग, तुला कसं ठाऊक? मी दांडा ठोकत राहिलो.

"असतीन," मी म्हणालो. "बेट मोठं हाये."

ती मग "बरं" म्हणून आत गेली. कामठीच्या माणसाला आईकरवी नाही कळवलं. तरीही तो वर्षभर थांबला. मग त्यानं दुसरीकडे पाट लावला, ते बरंच झालं असं मी चारचौघांत म्हणालोही. आई त्याच्या पुढच्या वर्षी वारली. बहीण माझ्या संसारात राहिली, माझी मुलं तिनं वाढवली. माझ्या बायकोशी तिचं पटायचं नाही. कुठं जाणार होती? तिशी ओलांडली तरी रोज कुंकू लावायची.

बारा वर्षं झाली की हरवलेल्या माणसाचं शास्त्र करावं लागतं. पळसाच्या पानादेठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ, आणि तो जाळून सुतक धरतात. बहीण आधी ऐकेना. पंच येऊन समजावून गेले तेव्हा एवढंच म्हणाली, "करा. लोकायची हौस भागवा." पळसाची पानं मी स्वतः जाऊन आणली. सकाळी अंगणात भटजी पुतळा बांधत होते, मी देठ मोजून देत होतो, तीनशे साठ लागतात. बहीण ओट्यावर बसून पानं वेगळी करत होती.

भटजींनी संकल्पासाठी तिथी विचारली. मीच सांगितलं होतं कधीतरी, म्हणून ते म्हणाले, "हरवले तीच मृत्यूची तिथी धरायची. कार्तिक वद्य पंचमी. बरोबर?"

मी देठ मोजत होतो. दोनशे सत्तरवर होतो. चुकीचा आकडा कानावर पडला आणि मी मान वर न करता म्हणालो, "पंचमी नव्हे, सप्तमी. पंचमीला वाट चुकले. गेले सप्तमीला, दुपारी."

बारा वर्षं त्या सप्तमीला मी कोणाला न सांगता नदीवर पाणी देऊन येत होतो. ती तिथी माझ्या अंगात इतकी भिनली होती की ती लपवायचं राहून गेलं. पुढं मोजायला घेतलं तेव्हा मला माझंच बोलणं ऐकू आलं.

"दुपारी?" बहीण म्हणाली.

भटजींनी पंचांग मिटलं.

"तू पाह्यलं?"

"हो."

"जाळलं?"

"मीच जाळलं."

ती रडली नाही. हातातल्या पानाकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती वर्षं मोजते आहे, हे मला उशिरा कळलं. "कामठीवाले आले तवा तुले मालूम होतं," ती म्हणाली. "मी तुले विचारलं होतं. तू इथीच बसला होता." मी मान हलवली. "काहून गा दादा?"

मग मी सगळं सांगितलं. भटजींच्या समोर, बायकोच्या समोर. त्याचा घोटा, माझं बोलणं, डहाळी, कमरेचा कोयता, दोन दिवसांच्या हाका. काही राखलं नाही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "डहाळीची चूक त मानसाच्या हातून होते. ते म्या त्याच दिवशी माफ केलं असतं."

बारा वर्षं मी ज्या प्रश्नाला भ्यालो त्याचं उत्तर हे होतं.

भटजी घसा खाकरून म्हणाले, "दहन झालेलं असेल तर मग या पुतळ्याला काही अर्थ नाही. सोडून टाकू."

"हाये," बहीण म्हणाली. ती ओट्यावरून उतरली, हातातली पानं पुतळ्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "त्यायले तू जाळून आला. हा माहा हाये, माह्या बारा वर्सायचा. ने, जाळून ये."

कोणी बरोबर आलं नाही. मी तो एकट्यानंच उचलला. पानादेठांचा पुतळा, त्याला वजन ते किती असणार. नागनदीपर्यंत जाताना तो मला दोनदा खाली ठेवावा लागला.